पानिपत, पण १५२६ चं: इब्राहिम लोदी तळ सोडून बाहेर का आला?

जामगी (धागाकर्ता)

पानिपत म्हटलं की आपल्याला भाऊसाहेब, विश्वासराव आणि १७६१ आठवतं. हा धागा त्याच्याही २३५ वर्षं आधीच्या लढाईचा. गाव तेच. एप्रिलचं ऊन, आणि अर्ध्या दिवसात दिल्लीचं तख्त लोदींकडून बाबराकडे. बाबर त्याच्या आठवणींत (बाबरनामा) लिहितो की लढाई जुंपली तेव्हा सूर्य भालाभर वर आला होता (आपण कासराभर म्हणतो तेच), आणि दुपारपर्यंत सगळं आटोपलं.

शाळेतलं दोन मार्कांचं उत्तर ठरलेलं: "बाबराकडे तोफा होत्या, इब्राहिमकडे नव्हत्या." चूक नाही, पण या उत्तराने खरा प्रश्न झाकला जातो. बाबराची मांडणी आठवा. उजव्या हाताला पानिपत गाव आणि वस्ती. समोर एकमेकांना बांधलेले गाडे आणि त्यांच्या मध्ये आडोसे. डावीकडे आणि आणखी काही ठिकाणी चर खणलेले, फांद्या रचून केलेला अडसर. साधारण एकेका बाणाच्या टप्प्यावर शंभर-दोनशे स्वार बाहेर पडतील एवढी मोकळी जागा. ही सगळी तयारी एकाच गृहीतावर उभी होती: समोरचा चालून येईल. तो आलाच नाही, तर सातशे गाडे म्हणजे नुसता बैलबाजार.

आणि तो येत नव्हता. बाबर १२ एप्रिलला पानिपतला पोचला. पुढचे सात-आठ दिवस त्याची माणसं इब्राहिमच्या तळाजवळ जाऊन बाण सोडत होती, मुंडकी कापून आणत होती. तिकडून हालचाल शून्य. शेवटी चार-पाच हजारांची फौज रात्रीच्या छाप्यावर पाठवली. तो छापा पार फसला. अंधारात तुकड्यांची एकमेकांशी गाठ पडेना आणि शत्रूच्या तळाजवळ पोचेपर्यंत उजाडलं. नगारे वाजले, हत्ती पुढे घालून लोदींची माणसं बाहेर आली. मुघल मोठं नुकसान न होता निसटले, मुहम्मद अली जंगजंगच्या पायात मात्र बाण घुसला. त्यानंतर तळावर एका रात्री खोटी हाकाटी झाली, घटकाभर गोंधळ माजला. आणि शुक्रवारी पहाटे खबर आली की सुलतान फौज मांडून निघाला आहे.

माझा प्रश्न एवढाच. आठ दिवस बसून राहिलेला माणूस नवव्या दिवशी का उठला? तुमची मतं येऊ द्यात. "तो मूर्ख होता" हे उत्तर बाबराने आधीच देऊन ठेवलंय ("अननुभवी पोरगा, कूच करताना शिस्त नाही, मुक्कामाचा बेत नाही, लढताना दूरदृष्टी नाही" अशा आशयाचं). जिंकलेल्याने हरलेल्याबद्दल लिहिलेलं आहे, तेवढी सूट धरून वाचा.

दोन घटका

मस्त विषय. आधी एक शंका. ७०० गाडे हा आकडा खरा मानायचा का? आणि साखळ्यांनी बांधले होते ना?

रंजक

साखळ्या नव्हे, दोन घटका. कच्च्या चामड्याचे दोर. बाबराने अगदी स्पष्ट लिहिलंय की रूमी रीतीप्रमाणे बांधा, पण साखळ्यांऐवजी बैलाच्या कच्च्या कातड्याचे दोर वापरा. रूमी म्हणजे उस्मानी तुर्कांची रीत. १५१४ मध्ये चाल्दिरानला त्यांनी इराणच्या शाह इस्माईलच्या घोडदळापुढे गाडे साखळ्यांनी बांधूनच उभे केले होते.

चामडं का, हे समजून घेण्यासारखं आहे. वादी ओली असताना बांधायची. वाळली की आकसते आणि गाठ दगडासारखी होते. तलवारीच्या एका घावात तुटत नाही, कारण ती आधी दबते. आणि वाटेत पाच-सहा दिवस मुक्काम करून जमवायची तर एवढं लोखंड आणायचं कुठून? जनावरं मात्र तळावर रोजच कापली जातात. अडचण एकच, पावसात हे दोर सैल पडतात. एप्रिलमध्ये पानिपतला ती भीती नसते.

आता ७०० चा हिशोब. हुकूम असा होता की प्रत्येक दोन गाड्यांच्या मध्ये पाच-सहा 'तुरे' उभे करायचे आणि त्यांच्या आडून बंदूकवाल्यांनी बार काढायचे. (हा पगडीवरचा तुरा नव्हे. आडोशाची फळी म्हणा. काही अभ्यासक मातीने भरलेली पोती असंही म्हणतात.) गाडा तीन मीटरचा धरा, तुरा एक मीटरचा, मध्ये पाच तुरे. म्हणजे एका गाड्यामागे आठ मीटर. गुणिले ७०० म्हणजे ५,६०० मीटर. शिवाय स्वारांच्या वाटा वेगळ्या. साडेपाच किलोमीटरची ओळ धरायची, तिच्यामागे दोन्ही बगला, मध्य, राखीव आणि टोकांच्या तुकड्या ठेवायच्या, आणि माणसं बारा हजारांच्या घरात! जमत नाही. म्हणून माझं मत असं की ७०० ही लष्करातून गोळा झालेल्या सगळ्या गाड्यांची संख्या. त्यातले काही ओळीत, बाकीचे सामानाचे. "बाबराकडे ७०० तोफा होत्या" हे वाक्य जालावर फिरतं ते याच आकड्याच्या गैरसमजातून. गाडा म्हणजे तोफ नव्हे!

आता तोफांचं. पानिपतला दोन माणसांची नावं येतात. उस्ताद अली कुली मध्याच्या पुढून फिरंगी चालवत होता, आणि मुस्तफा मध्याच्या डाव्या हाताला गाड्यांवरून जर्बजन. दोन्ही हलक्या तोफा. किल्ले फोडणारी मोठी 'काझान' पानिपतनंतर, त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात आग्र्याला ओतली. तो प्रसंग वाचण्यासारखा आहे. साच्याभोवती आठ भट्ट्या. प्रत्येक भट्टीच्या पायथ्याशी नाळी, त्यातून वितळलेला धातू साच्यात येतोय. साचा भरायच्या आतच भट्ट्यांतला धातू संपला. उस्ताद इतका खचला की त्या वितळलेल्या रसात उडी घ्यायला निघाला होता. बाबराने समजूत काढली, मानाचा पोशाख दिला. एक-दोन दिवसांनी साचा उघडला तर दगड (म्हणजे तोफेचा गोळा) बसायचा भाग निर्दोष निघाला. दारूचा कोठा वेगळा ओतायचा ठरला. पुढे फेब्रुवारी १५२७ मध्ये चाचणी झाली तेव्हा दगड १,६०० पावलं गेला.

आणि मारा किती वेगाने? १५२८ मध्ये गंगेवर पूल बांधताना उस्तादाची 'गाझी' तोफ पहिल्या दिवशी आठ बार झाली आणि नंतर दिवसाला सोळापर्यंत गेली, याचं बाबराला कौतुक आहे. तिथेच तिच्याहून मोठी एक तोफ पहिल्याच बाराला फुटली. फिरंगी यापेक्षा झपाट्याने चालत असणार हे मान्य. पण ज्या काळात दिवसाला सोळा बार ही नोंदवायची गोष्ट आहे, त्या काळात तोफांनी अर्ध्या दिवसात पंधरा हजार माणसं मारली हे पटत नाही.

पेठेतला भुंगा

मग बंदुका? त्या तर होत्या ना भरपूर?

रंजक

होत्या, पण तोड्याच्या, म्हणजे पेटत्या वातीने बार काढायच्या. एक बार म्हणजे काय काय ते मोजा: दारू मोजून नळीत ओतायची, गोळी टाकायची, गजाने ठासायची, कानाशी रंजक (पेट घेणारी दारू) भरायची, रंजकपात्र झाकायचं, जामगी (पेटती वात) फुंकून निखारा जिवंत ठेवायचा, ती चापात अडकवायची, झाकण उघडायचं, नेम, बार. आणि हे सगळं करताना पेटती जामगी दारूच्या पिशवीपासून लांब ठेवायची. घाई केली की जास्त दारू पडते नाहीतर गोळी अर्ध्यात अडकते. सरावलेला माणूस एक बार काढतो तेवढ्यात घोड्यावरचा तिरंदाज अर्धा भाता रिकामा करतो.

बंदुकीचा खरा उपयोग समोरच्याला थबकवण्याचा. १५१९ मध्ये बाजौडच्या किल्ल्यावरच्या लोकांनी बंदूक कधी पाहिली नव्हती. ते तटावरून वाकुल्या दाखवत होते, अचकटविचकट हातवारे करत होते. उस्ताद अली कुलीने त्या दिवशी पाच जण टिपले. त्यानंतर तटावर डोकं काढायची कुणाची छाती झाली नाही.

नकाशावाला

जमिनीचं थोडं सांगतो, कारण नकाशा डोक्यात नसेल तर 'उजवी', 'डावी' यांना अर्थ राहत नाही.

बाबर पंजाबकडून येतोय, दिल्ली दक्षिणेला. म्हणजे त्याचं तोंड दक्षिणेकडे. उजवा हात पश्चिमेला, तिकडे गाव. डावा हात पूर्वेला, तिकडे यमुनेचा पट्टा. इब्राहिम दिल्लीकडून वर सरकलेला. मध्ये सपाट मैदान, टेकाड नाही की ओढा नाही. अशा जागी मोठ्या फौजेचा सरळ फायदा: पसरायचं आणि लहान फौजेला कवेत घ्यायचं. बाबराने गाव एका कुशीला घेतलं आणि दुसऱ्या कुशीला खणून घेतलं ते हेच रोखायला. मोठ्या फौजेला त्याने त्याच्या रुंदीएवढ्याच दारातून यायला लावलं.

आता आपल्या पानिपताशी तुलना करायचा मोह होतो, तर करूनच टाकतो. भाऊसाहेबांचंही तोंड दक्षिणेलाच होतं! अब्दाली ऑक्टोबर १७६० मध्ये बागपतला यमुना उतरून दिल्ली आणि मराठे यांच्या मध्ये येऊन बसला. म्हणजे भाऊ बाबराच्या जागी आणि अब्दाली इब्राहिमच्या जागी. फरक पाठीमागचा. बाबराच्या पाठीशी पंजाबची मोकळी वाट होती, लाहोर त्याच्या ताब्यात. भाऊसाहेबांचं घर, रसद, पैसा, सगळं शत्रूच्या पलीकडे. बाबर आठ दिवस बसला, त्याला आणखी महिनाभर बसता आलं असतं. मराठे अडीच महिने बसले आणि उपाशीपोटी बाहेर पडले.

इब्राहिमने बाबराची मागची वाट तोडायला एक तुकडीही पाठवलेली दिसत नाही. अब्दालीने केलं ते त्याने केलं नाही. माझ्या मते बाहेर आला ही त्याची चूक दुय्यम, आठ दिवस नुसता बसला ही पहिली.

चंदावल

नकाशावाला, दक्षिणेचा मुद्दा झकास. पण 'नुसता बसला' यावर माझा आक्षेप आहे. बसून राहणं हे इब्राहिमचं आजमावलेलं हत्यार होतं.

त्याआधी काही महिने, १५२५ मध्ये, त्याचा चुलता आलमखान तीस-चाळीस हजार माणसं घेऊन दिल्लीवर आला होता. इब्राहिम ऐंशी हजार घेऊन आडवा आला (दोन्ही आकडे बाबराचेच). आलमखानाने रात्री छापा घातला, काही सरदार फुटून त्याला मिळालेही. इब्राहिम आपल्या खास माणसांसह कनातीच्या आत बसून राहिला, जागचा हलला नाही. पहाटेपर्यंत आलमखानाची माणसं लुटीला पांगली. उजाडल्यावर इब्राहिमने पाहिलं, समोर मूठभर उरलेत. त्याने थोडी माणसं आणि एक हत्ती पुढे काढला. एवढ्यावर आलमखान पळाला.

हे डोक्यात ठेवून पानिपतचा छापा पुन्हा वाचा. रात्री चार-पाच हजार आले, चुकले, उजाडल्यावर सापडले, हत्ती पाहून मागे फिरले. इब्राहिमच्या नजरेने ही आलमखानाचीच पुनरावृत्ती होती. छापा फसला, शत्रू बिचकला, आता पुढे होऊन लाथ मारायची. त्याने गेल्या वेळी जे करून जिंकलं तेच केलं. फक्त या वेळी समोरचे लुटीला पांगलेले नव्हते. हा माझा तर्क आहे, बाबराने असं म्हटलेलं नाही. पण जामगीच्या प्रश्नाला यापेक्षा सरळ उत्तर मला सुचत नाही.

जामगी

चंदावल, हे पटलं. म्हणजे फसलेला छापा हाच बाबराचा सगळ्यात कामाला आलेला डाव, आणि तोही न ठरवता!

दुसरं एक कारण जोडतो. पैसा. बाबर लिहितो की हिंदुस्थानात अशा वेळी रोख पगार देऊन हंगामी माणसं ठेवतात, आणि इब्राहिमने मनात आणलं असतं तर लाख-दोन लाख आणखी उभे केले असते. (आपल्याकडे अशा भरतीला शिबंदी म्हणतात.) खजिना होता, हात सुटत नव्हता. त्यात १५१७ ला गादीवर आल्यापासून अफगाण सरदारांशी वाकडं. पंजाबचा दौलतखान लोदी तर बाबराला बोलावणाऱ्यांतलाच. (नंतर तो बाबरावरही उलटला. कंबरेला दोन तलवारी बांधून लढायला निघालेला म्हातारा शेवटी मलोटला शरण आला, तेव्हा बाबराने त्याच दोन तलवारी त्याच्या गळ्यात अडकवून समोर आणवलं.) ज्या फौजेतले सरदार मनाने अर्धे फुटलेत, ती बसवून ठेवणं रोज अवघड होत जातं.

साधीसुधी

'तुलुगमा' हा शब्द सगळीकडे येतो. गनिमी काव्यासारखंच काही का?

जामगी

नाही, साधीसुधी. गनिमी काव्यात मैदानावरची समोरासमोरची लढाई टाळतात. तुलुगमा मैदानातच करायचा, आणि सगळी फौज मांडून.

उझबेकांची ही खासियत. बाबर ती शिकला मार खाऊन. १५०१ मध्ये सर-ए-पुलला शैबानीखानाच्या माणसांनी त्याची बगल वळसा घालून मागून गाठली आणि समरकंद त्याच्या हातून गेलं. पानिपतला त्याने तेच दुसऱ्यावर वापरलं.

मांडणी अशी. उजव्या बगलेवर हुमायून (नुकती अठरा पूर्ण), सोबत ख्वाजा कलान. डावीवर मुहम्मद सुलतान मिर्झा, महदी ख्वाजा वगैरे. मध्याचे उजवा-डावा असे दोन भाग. बिनीवर खुसरो कोकलताश आणि मुहम्मद अली जंगजंग, राखीव तुकडी अब्दुल अझीझकडे. आणि या सगळ्याच्या पलीकडे, दोन्ही टोकांना, तुलुगमाच्या तुकड्या. उजव्या टोकाला वली किझिल, मलिक कासिम, बाबा कश्का आणि त्यांचे मोगल (मंगोल टोळीवाले). डाव्या टोकाला कराकुझी, अबुल मुहम्मद नेझाबाझ आणि मंडळी.

काम काय? शत्रू मधल्या ओळीशी भिडेपर्यंत थांबायचं. मग वळसा घालून त्याच्या पिछाडीला जायचं. आत घुसायचं नाही, बाहेर राहून बाण सोडत राहायचं. तेवढ्यात बगला समोरून दाबतात. थोडक्यात, पिशवीचं तोंड आवळायचं.

बिघडतं कुठे? तुकडी लवकर निघाली तर शत्रू अजून सैल असतो, तो वळून तिलाच गिळतो. उशिरा निघाली तर तोवर तुमची बगल कोसळलेली असते. घोडे दमलेले असतील तर वळसा अर्ध्यात संपतो. आणि शत्रूची आघाडी तुमच्याहून रुंद असेल तर वळसा घालायला गेलेलेच कवेत येतात. म्हणून आधी आघाडी अरुंद करणं भाग होतं. गाव, गाडे, खंदक यांच्याशिवाय तुलुगमा झालाच नसता. दोन वेगळ्या युक्त्या नाहीत या, एकच आहे.

पेठेतला भुंगा

डावीकडे खंदक आणि फांद्यांचा अडसर असेल तर डावा तुलुगमा बाहेर कुठून पडला? उडत?

जामगी

:) रास्त शंका. खंदक सलग नव्हता, आणि बाणाच्या टप्प्यावर सोडलेल्या वाटा होत्याच. शंभर-दोनशे स्वारांची रुंदी बाबराने मुद्दाम लिहिलीय. पण शंभर-दोनशेच्या दारातून मोठी तुकडी निघायला वेळ लागतो, त्यामुळे ही माणसं आधीपासून टोकाबाहेर उभी असावीत.

प्रत्यक्ष काय झालं ते क्रमाने लिहितो, कारण खरी गंमत त्यातच आहे.

इब्राहिमची फौज कुठेही न थांबता, झपाट्याने, सरळ आली. रोख मुघलांच्या उजव्या बगलेकडे. बाबराने राखीवातल्या अब्दुल अझीझला तिकडे पाठवलं. जवळ आल्यावर लोदींना गाडे आणि मांडणी नीट दिसली आणि पुढचे अडखळले. थांबावं की पुढे जावं, असं झालं त्यांचं. थांबताही येईना, आल्या वेगाने पुढेही जाता येईना.

हा क्षण म्हणजे लढाई. पुढची रांग थबकते, मागच्यांना ते दिसत नाही, ते येतच राहतात. सकाळची वेळ, कोरडी जमीन, हजारो घोडे, धूळ किती असेल! पाच-दहा मिनिटांत खोलवर मांडलेल्या फौजेतल्या फटी बुजतात. नेमका तेव्हाच तुलुगमा सुटला. डावीकडे महदी ख्वाजा सगळ्यांत आधी भिडला. त्याच्यावर हत्ती असलेली टोळी आली, ती बाणांनी मागे रेटली, आणि त्याला मध्यातून कुमक गेली. मध्यातून उस्ताद आणि मुस्तफा यांचे बार सुरू. लोदींनी उजवी-डावीकडे एक-दोन छोटे हल्ले करून पाहिले. प्रत्येक वेळी बाण खाऊन परत आपल्याच गर्दीत. शेवटी एवढे दाटले की पुढे येता येईना आणि पळायला वाट नाही.

गर्दीत सापडलेला माणूस धनुष्य ओढू शकत नाही, तलवारीला फिरवायला जागा नसते. बाहेरच्याला मात्र नेम धरायचीही गरज नाही. मारलं ते बाणांनी. दाटवलं ते गाड्यांनी आणि बारांनी.

हलगी

हत्तींचं राहिलंच की. तोफांच्या आवाजाने हत्ती उलटे फिरले आणि आपल्याच सैन्याला तुडवलं, हे वाचलेलं आहे.

चंदावल

वाचलेलं सगळ्यांनीच आहे. बाबराच्या वर्णनात मात्र ते नाही. हत्ती बुजले नसतील असं मी म्हणत नाही, पण 'हत्तींनी स्वतःची फौज चिरडली' हे चित्र नंतरच्यांनी रंगवलंय. उलट लढाईनंतर माहूत हत्तींचे कळपच्या कळप बाबरापुढे घेऊन आले, असं तो लिहितो. म्हणजे बरेच हत्ती धडधाकट, माहुतांच्या काबूत होते.

शिवाय मुघलांना हत्तीचं नवल उरलं नव्हतं. फेब्रुवारीत हुमायूनने हिसार फिरोझाच्या हमीदखानाला हरवलं तेव्हा सात-आठ हत्ती हाती लागले. एप्रिलच्या सुरुवातीला दाऊदखान आणि हातिमखान यांच्या तुकडीकडून आणखी सहा-सात. (हिसारचे शंभरेक कैदी उस्ताद अली कुलीच्या बंदूकवाल्यांकडून मारवले, धाक बसावा म्हणून. हेही त्याच फौजेचं काम.) ज्याने हत्ती जवळून पाहिलाय, तो समोरून हत्ती आल्यावर घोडा वळवत नाही.

हजार हत्ती हा बाबराने ऐकलेला आकडा, सुलतान आणि सरदारांचे मिळून. आणि एक हत्ती दोन कतार (रांगा) उंटांचा दाणा खातो, असंही तोच लिहितो. हजार नको, तीनशे धरा. दिल्लीबाहेरच्या तळावर आठ दिवस त्यांना काय घालत असतील? बाहेर पडायचं हेही एक कारण, जामगी. तुमच्या यादीत घाला.

दोन घटका

फौजेचे आकडे १२,००० विरुद्ध १,००,००० असे सगळीकडे असतात. खरे?

रंजक

पहिला आकडा मोजलेला, दुसरा अंदाज. डिसेंबर १५२५ मध्ये सिंधू उतरताना बाबराने नोंद करवली: लहानथोर, बरेवाईट, नोकर-बिगरनोकर सगळे मिळून १२,०००. म्हणजे लढणारे त्याहून कमी. पण पंजाबात आधीपासून ठेवलेले बेग (सरदार) आणि नंतर मिळालेले लोक यात नाहीत. दोन्ही बाजूंनी दुरुस्ती करावी लागते. एक लाख हा समोरच्याचा अंदाज, त्यात बाजारबुणगे किती हे कोण सांगणार.

मेलेल्यांचंही तसंच. इब्राहिमच्या आसपास एकाच जागी पाच-सहा हजार, एकूण पंधरा-सोळा हजार असा बाबराचा अदमास. आग्र्याला पोचल्यावर स्थानिकांनी चाळीस-पन्नास हजार सांगितले. तो दोन्ही आकडे लिहितो आणि पुढे जातो, ते मला आवडतं.

पंचांगवाला

तारखेचा घोळ कुणीच काढला नाही? पुस्तकांत २१ एप्रिल १५२६ छापतात. बाबराची नोंद आहे शुक्रवार, ८ रजब ९३२. जुन्या ज्युलियन पंचांगाने १५२६ चा २० एप्रिल शुक्रवारी पडतो, २१ ला शनिवार. हिजरी तारीख कोष्टकातून उतरवताना एक दिवस इकडेतिकडे होतो, कारण महिना चंद्र दिसण्यावर. अशा वेळी वार धरायचा, वार चुकत नाही. पुढच्या शुक्रवारी, १५ रजबला, दिल्लीत बाबराच्या नावाचा खुतबा (शुक्रवारच्या नमाजातलं, राजाचं नाव घेणारं प्रवचन) वाचला गेला, तोही वार जुळतो. म्हणून २० एप्रिल.

साधीसुधी

+१. परीक्षेत मात्र २१ च लिहा रे पोरांनो :)

नकाशावाला

जामगीच्या 'अर्ध्या दिवसात दिल्लीचं तख्त' याला थोडं छेद देणारा मुद्दा. या लढाईने 'राज्य कुणाचं' हे खरंच ठरलं का? तख्त मिळालं, राज्य नाही. मार्च १५२७ मध्ये खानव्याला राणा संगाशी गाठ पडली, मे १५२९ मध्ये घागरा नदीवर पुन्हा अफगाण. हुमायून १५४० मध्ये कनौजजवळ शेरशहाकडून हरून देशोधडीला लागला. तो परतला १५५५ ला, आणि ५ नोव्हेंबर १५५६ ला पुन्हा पानिपत.

१५२६ ला बाबराच्याच बेगांचा विश्वास नव्हता की आपण इथे राहायला आलोय. आग्र्याचा उन्हाळा सोसेना, पुष्कळांना काबूलला परतायचं होतं. ख्वाजा कलान तर गेलाच. आणि दख्खनचं म्हणाल तर बाबराच्या यादीत तिथे अजून बहमनी आहेत, मात्र मुलूख सरदारांनी वाटून घेतलाय आणि सुलतानाच्या हाती काही उरलं नाही, अशी पुस्ती जोडून. पानिपतचा धक्का आपल्याकडे पोचायला बराच काळ गेला.

रंजक

मान्य, पण खानव्याला त्याने हीच मांडणी पुन्हा केली, सुधारून. गाडे अपुरे पडतील तिथे चाकांवरच्या लाकडी तिवया करवल्या आणि त्या कच्च्या चामड्याच्या दोरांनी जोडल्या. वीस-पंचवीस दिवस लागले त्या तयारीला. पानिपत हरला असता तर खानवा झालंच नसतं. लोदी संपले ते १५२६ लाच. कोण आलं हे नंतर ठरलं, कोण गेलं हे त्या शुक्रवारी ठरलं.

जामगी

इब्राहिमवर परत येतो, कारण एक गोष्ट कुणी लिहिली नाही.

दुपारी फौज मोडली तेव्हा बाबराची खात्री होती की सुलतान निसटला. त्याने किस्मताई मिर्झा वगैरेंना ताबडतोब आग्र्याच्या रोखाने पाठलागावर पिटाळलं. त्याच दिवशी हुमायूनला सामान मागे ठेवून आग्र्याचा खजिना ताब्यात घ्यायला पाठवलं, महदी ख्वाजाला दिल्लीला. मग बाबर इब्राहिमच्या तळात शिरला, त्याच्या राहुट्या पाहत हिंडला आणि एका साचलेल्या पाण्याकाठी उतरला. तिसऱ्या प्रहरच्या नमाजाला बाबराचा वजीर खलिफा याचा नातलग ताहिर तिबरी आला. त्याला प्रेतांच्या एका ढिगात इब्राहिमचं शरीर सापडलं होतं, तो मुंडकं घेऊन आला. ग्वाल्हेरचा विक्रमजित, ज्याचं राज्य काही वर्षांपूर्वी इब्राहिमनेच घेतलं होतं, तोही त्याच मैदानात पडला.

आणि जी पाच-सहा हजार प्रेतं एकाच जागी मिळाली, ती इब्राहिमच्या भोवतालची. पाठलागाचे स्वार आग्र्याच्या वाटेला लागले होते, आणि सुलतान सकाळी जिथे अडकला तिथेच होता.

चंदावल

पानिपतात त्याची कबर आहे, गावातच. साधा विटांचा चौथरा, वर छत नाही. बाबराने पुढे बांधलेली काबुली बाग मशीद त्याच गावात. बघायला जाणारे बहुतेक काला आंबला (१७६१ च्या स्मारकाला) जाऊन परततात.